पाहिल्याशिवाय लिहायचं नाही

हुणसगावच्या शाळेत विज्ञानाचं एक कपाट होतं आणि त्या कपाटाला कुलूप होतं. किल्ली हेडमास्तर रामरावांच्या जानव्याला बांधलेली असे. आत काचेच्या नळ्या, एक तराजू, लोहचुंबक आणि कुठलंसं भिंग आहे असं सांगत. सांगत एवढंच, कारण म्हैसूर सरकारनं सामान पाठवल्यापासून ते कपाट फक्त तपासणीच्या दिवशी उघडे आणि साहेबांची जीप वळली की पुन्हा बंद होई. रामरावांचं म्हणणं अगदी सरळ होतं. काच फुटली तर वरती खुलासा द्यावा लागतो. पोरं काही शिकली नाहीत म्हणून आजवर कुणी कुणाला खुलासा मागितलेला नव्हता.

विज्ञान शिकवायला होता गुरुशांतप्पा. गावातल्याच लिंगायत घरातला, तिशीचा, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. त्याचं स्वतःचं शिक्षण कानडीत झालेलं, घरात कानडी-मराठी दोन्ही, आणि शिकवायचं मराठीत. त्यामुळं पुस्तकातलं वाक्य आधी मनात उलटंपालटं करून मग त्याच्या तोंडातून बाहेर पडे. कपाटाच्या किल्लीसाठी त्यानं पहिलं वर्ष विनंत्या करण्यात घालवलं, दुसरं वर्ष चिडण्यात. तिसऱ्या वर्षी त्यानं कपाटाचा नाद सोडला आणि शाळा सुटल्यावर शाळेच्याच ओसरीवर स्वतःचा वर्ग सुरू केला.

या वर्गाला फी नव्हती, हजेरी नव्हती आणि पुस्तकही नव्हतं. चिटगुप्पा या बाजाराच्या गावातल्या दुकानातून फुकट मिळालेले जळके बल्ब, सायकलच्या तारा, औषधाच्या रिकाम्या बाटल्या, फुटक्या आरशाचे तुकडे, असला सगळा पसारा मांडून पोरं दिवेलागणीपर्यंत बसत. गावात या वर्गाला ‘गुरुशांताचा खेळ’ म्हणत. ज्यांची पोरं गुरं वळायचं चुकवून इकडं येऊन बसत, त्या बापांचं म्हणणं जरा कडक असे.

वर्गाचा नियम एकच होता. ओसरीची एक भिंत पोरांनी कोळसा वाटून काळी केली होती. त्या भिंतीवर रोज एक वाक्य लिहायचं, पण जे आपण डोळ्यांनी पाहिलं तेच. पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. पुस्तकात असो, साहेबानं सांगितलेलं असो, नाहीतर प्रत्यक्ष गुरुजींनी सांगितलेलं असो. हा नियम गुरुशांतप्पानंच काढला होता आणि त्याला त्याचा मनापासून अभिमान होता.

अभिमान आणखीही एका गोष्टीचा होता. त्याच्या वर्गात वाण्याचा कल्लप्पा, गौडाची म्हणजे पाटलाची दानम्मा आणि बौद्ध वस्तीतली पाच पोरं एकाच तरटावर बसत आणि एकाच माठातलं पाणी पीत. बसवण्णांचं नाव घेणाऱ्याच्या वर्गात दुसरं काय व्हायचं, असं तो म्हणे. चौदा एप्रिलला वस्तीत जाऊन तो दर वर्षी भाषणही करी. त्याचं स्वतःचं पिण्याचं पाणी तेवढं घरून तांब्यात येई. आईनं भरून दिलेला तांब्या नको कसा म्हणायचा, एवढंच त्यात होतं, असं तो स्वतःला सांगे. त्यापलीकडं त्यानं कधी विचार केला नव्हता.

वस्तीतल्या पाच जणांत यशोधरा होती. दीक्षेनंतर वस्तीत जन्मलेलं पहिलं मूल, म्हणून हौसेनं ठेवलेलं नाव. गावाची जीभ काही त्या नावाला वळली नाही. गावानं तिची यसोदी केली आणि तिनं त्या हाकेला कधीच ओ दिली नाही. आता ती आठवीत होती. तिचा बाप ज्ञानोबा बीदरला विमानदलाच्या तळावर गवंडीकाम करी आणि महिन्या-दोन महिन्यांनी घरी येई. बापासारखीच ती कमी बोलायची. पण एकदा विचारलं की उत्तर मिळेपर्यंत समोरून हलायची नाही.

त्या आठवड्यात गुरुशांतप्पानं डोळ्याचा पाठ घेतला. जळक्या बल्बची टोपी काढून त्यात पाणी भरलं आणि आतली खोली अंधारी करून दाराच्या फटीतून येणारा उजेड त्यातून कागदावर पाडला. अंगणातला लिंब कागदावर उमटला, शेंडा खाली आणि बुंधा वर. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून बघायला लागली. कल्लप्पानं तर कागदच उलटा धरून पाहिला. गुरुशांतप्पानं खूश होऊन सांगितलं की आपल्या डोळ्यातही असंच एक भिंग असतं, आणि त्याच भरात बाहेर येऊन खडूनं भिंतीवर लिहून टाकलं: डोळ्यात भिंग असतं.

“गुरुजी,” यशोधरा म्हणाली, “हे कुणी बघितलंय?”

“पुस्तकात चित्र हाय की.”

“चित्र बघितलंय. भिंग कुठं बघितलंय?”

“शास्त्रज्ञांनी बघितलंय.”

“मग त्येंच्या भितीवर लिवू द्या,” ती म्हणाली. ती उठली आणि परकराच्या टोकानं तिनं ते वाक्य पुसून टाकलं.

पोरं हसली. गुरुशांतप्पाही हसला, पण त्याचे कान तापले. पोरीचं बरोबर होतं. त्यानं स्वतः डोळ्यातलं भिंग जन्मात पाहिलेलं नव्हतं. चिटगुप्प्याला बाजारच्या दिवशी खाटकाकडं बकऱ्याचा डोळा मिळाला असता, हे त्याला ठाऊक होतं. पण खाटकाच्या दुकानापुढं विभूती लावून उभं राहायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या नात्यागोत्यात बोभाटा. तो विचार मनात आला तसा त्यानं बाजूला सारला. भिंत त्या दिवशी कोरी राहिली, दुसऱ्या दिवशीही कोरीच राहिली.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरचा बैल मेला.

हरण्या म्हातारा झाला होता. रात्री त्याचं पोट फुगलं आणि सकाळी तो गोठ्यात आडवा होता. गुरुशांतप्पाच्या आईनं, मल्लम्मानं, त्याच्या कपाळाला विभूती लावली, शिंगांना हळद लावली आणि ती भिंतीला टेकून बसली. तिच्या लेखी तो बसवण्णाच, प्रत्यक्ष नंदीच होता, त्याला शेतात खड्डा घेऊन नीट पुरायचा होता. गडी बंडेप्पा कुदळ शोधायला लागला. गुरुशांतप्पाला वाईट वाटलं, खरोखर वाटलं. लहानपणी त्यानं त्याच हरण्याच्या पाठीवर बसून ओढा ओलांडला होता. पण हरण्याचा उघडा डोळा त्याच्याकडं बघत होता आणि त्याच्या मनात दुसरंच काही शिजत होतं. केवढा मोठा डोळा! आतलं भिंग बोरापेक्षा मोठं असणार. खाटीक नको, बाजार नको, कुणाला काही कळायला नको.

आई आत गेल्याबरोबर त्यानं बंडेप्पाला सांगितलं, “ज्ञानोबाअण्णा घरी आलेत म्हणं. जरा बोलावून आण. म्हणावं, गुरुजींचं थोडं काम हाय.”

नाव आपसूक तोंडात आलं. अख्ख्या गावात दुसरं कुणी त्याला सुचलंही नाही. का सुचलं नाही, हे त्याला त्या वेळी कुणी विचारलं असतं, तर यशोधरा माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी आहे, तिचा बाप समजूतदार आहे, असं काहीतरी त्यानं सांगितलं असतं. आणि ते खरं आहे असंही त्याला वाटलं असतं.

ज्ञानोबा आला तो हत्यारांची पिशवी घेऊन. थापी, ओळंबा, हातोडी. गुरुजींकडं काम म्हणजे गोठ्याची भिंत कलली असणार, असा त्याचा हिशेब. आल्या आल्या तो भिंतीकडंच बघायला लागला.

“भीत चांगली हाय की, गुरुजी.”

“भिंतीचं न्हाई, अण्णा,” गुरुशांतप्पा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “हा बैल गेलाय. पुरायच्या आधी ह्याचा एक डोळा पायजे. पोरांना दाखवायला. तुमच्या यशोधरेनंच इचारलं होतं. आई बाहेर यायच्या आत तेवढा काढून दिलाव तर...”

ज्ञानोबानं बैलाकडं पाहिलं. मग गुरुजींकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर बरं झालं असतं. तो नुसता नीट ऐकल्यासारखा उभा राहिला.

“कुणाला सांगायलाव, गुरुजी?”

“म्हंजे तुमाला जमतंय म्हणून...”

 ज्ञानोबानं जमिनीवर ठेवलेली पिशवी उचलली, खांद्याला लावली आणि तो आला तसा गेला. थोड्या वेळानं मल्लम्मा नारळ घेऊन बाहेर आली आणि कोण आलं होतं म्हणून तिनं विचारलं. “कुणी न्हाई,” गुरुशांतप्पा म्हणाला. दुपारी हरण्याला दोन्ही डोळ्यांसकट पुरलं.

खरं सांगायचं तर गुरुशांतप्पाला आधी ज्ञानोबाचाच राग आला. एवढं काय झालं? विज्ञानाचं काम होतं. मेहनतीचे पैसे देणार नाही म्हटलं होतं का कुणी? आपण त्यांना अण्णा म्हणतो, भाषणं करतो, पोरांना तरटावर शेजारी बसवतो, आणि एका डोळ्यासाठी ही माणसं पिशवी उचलून चालू लागतात! हा राग त्याला संध्याकाळपर्यंत पुरला.

संध्याकाळी तरटावर अर्धी जागा रिकामी होती.

“बाकीची कुठं गेली?”

कल्लप्पानं खाली पाहिलं. दानम्मा धीट होती, तिनं सांगून टाकलं, “यशोधरा येणार न्हाई म्हणली. वस्तीतलं कुणीच येणार न्हाई.”

“कामून?”

“तिच्या बापाला तुमी ढोर फाडायला बोलावलाव म्हणं.”

“मी फक्त डोळा...” असं म्हणता म्हणता गुरुशांतप्पा थांबला. वाक्य पुरं केलं असतं तरी त्याचा अर्थ तोच राहणार होता, हे त्याच्या ध्यानात आलं. दानम्मानं बोलताना तिखटमीठ लावलं नव्हतं. जे झालं होतं ते तिनं जसंच्या तसं सांगितलं होतं. वर्गाचा नियमच तो होता.

तो सोळा वर्षांचा असताना वस्तीनं दीक्षा घेतली होती. त्यानंतर गावातलं पहिलं ढोर मेलं आणि ओढायला कुणी आलं नाही. वेशीबाहेर ते तसंच पडून फुगलं, आणि त्याच्या स्वतःच्या बापानं नाकाला धोतर लावून वस्तीच्या नावानं शिव्या दिल्या. पुढं दोन सुगी वस्तीतल्या माणसांना कुणी शेतावर बोलावलं नाही. माणसं बीदरला गेली, हैदराबादला गेली, जांभ्या दगडाच्या खाणीत उतरली. पण ढोराला हात लावला नाही. अखेर गावानंच खड्डे घ्यायला शिकून घेतलं. हे सगळं गुरुशांतप्पाला तोंडपाठ होतं. चौदा एप्रिलच्या भाषणात तो हेच तर सांगायचा, आणि टाळ्या घ्यायचा. आठवून त्याला इतकी लाज वाटली की त्यानं वर्ग तिथंच सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी तो वस्तीत गेला. ज्ञानोबा घरापुढं बसून थापीला तेल लावत होता. बीदरची बस त्याला आणखी दोन दिवसांनी धरायची होती. दारात यशोधरा उभी होती. गुरुजींना पाहून ती आत गेली नाही, पुढंही आली नाही.

“चुकलो, अण्णा,” गुरुशांतप्पा म्हणाला. वाटेत त्यानं बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं एवढंच निघालं.

“बसा,” ज्ञानोबा म्हणाला. थापी पुसून त्यानं बाजूला ठेवली. “एक सांगू का, गुरुजी? मी व्हय म्हणलो असतो, तरी डोळा निघाला नसता. मला येतंच न्हाई.”

गुरुशांतप्पानं वर पाहिलं.

“माझ्या बापाला यायचं. लई सफाई होती म्हणं त्याच्या हाताला. दीक्षा घेतली त्या दिशी त्यानं सुरी हिरीत टाकली. मी इचारलं, कसं करत होताव तुमी? तर म्हणला, इचारू नगंस, मी सांगणार न्हाई. मरस्तवर सांगितलं न्हाई. त्याच्याकडं मला द्यायसारखं दुसरं काय होतं? हे न शिकवणंच तेवढं होतं. ते त्यानं दिलं.” ज्ञानोबा जरा थांबला. “आन् तुमाला वाटलं, आमच्या अंगातच असतंय ते. मला ढोर कापता येत न्हाई, गुरुजी. तुमाला जेवढं येतंय तेवढंच मला येतंय.”

 गुरुशांतप्पा उठायला लागला तेव्हा दारातून यशोधरेचा आवाज आला.

“गुरुजी, डोळा बघायचा ऱ्हायलाय.”

“व्हय,” तो म्हणाला.

“डोळा पायजे तर चिटगुप्प्याला मिळतंय,” ज्ञानोबा थापी पुन्हा हातात घेत म्हणाला, “उद्याच बाजार हाय. खाटकाचं दुकान सगळ्यास्नी उघडं असतंय.”

दुसऱ्या दिवशी गुरुशांतप्पानं शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि सायकल काढली. विभूती पुसून जावं का, असा प्रश्न त्याला वाटेत पडला, आणि पुसली तर ते आणखी वाईट दिसेल असं वाटून त्यानं तो सोडून दिला. खाटीक त्याला ओळखत होता, कारण त्याचा मुलगा गुरुशांतप्पाच्याच हाताखाली शिकून गेला होता. गुरुजींना पाहून तो हातातला सत्तूर तसाच धरून उभा राहिला.

“क्या होना, गुरुजी? रस्ता भूले क्या?”

“बकरे की आँख होना.”

“खाली आँख?”

“हौ. दोनों. बच्चों को दिखाना है.”

“मुंडी के बगैर आँख कौन लेता?” असं पुटपुटत खाटकानं मुंडी पुढं ओढली. गुरुशांतप्पानं मान फिरवली, आणि फिरवली तिथंच समोर आडतदुकानदार चनमल्लप्पा उभा होता. मल्लम्माच्या माहेरचा, लांबच्या नात्यातला. त्यानं गुरुशांतप्पाकडं पाहिलं, खाटकाच्या हाताकडं पाहिलं, ‘शिव शिव’ म्हटलं आणि तो तरातरा निघाला. पळसाच्या पानाची पुडी पिशवीत घालून गुरुशांतप्पा सायकलवर बसला तेव्हा त्याला एक गोष्ट कळून चुकली होती. चनमल्लप्पाचा जावई हुणसगावचाच, तो बाजार करून दुपारच्या बसनं परतणार होता, आणि कुठलीही सायकल बसच्या पुढं जात नाही.

झालंही तसंच. तो शाळेशी पोचला तेव्हा ओसरीच्या पायरीवर रामराव उभे होते. वर्गाची उरलेली पोरं लिंबाखाली गोळा झाली होती.

“गुरुशांतप्पा, त्या पिशवीत काय आहे?”

“डोळे.”

“कुणाचे?”

“बकऱ्याचे, सर.”

“आणि ते तुम्ही शाळेच्या ओसरीवर कापणार?”

“वर्ग तिथंच असतो.”

“आजपासून नसतो,” रामराव म्हणाले. ते दुष्ट नव्हते. त्यांना फक्त उद्या सकाळी दारात येणारी माणसं दिसत होती आणि त्या माणसांना द्यायचा खुलासा सुचत नव्हता. “मला गावात राहायचंय. तुम्हालाही राहायचंय.”

दानम्मानं पुढं होऊन आणखी एक निरोप दिला. “तुमच्या आईनं सांगितलंय, आधी हिरीवर आंघोळ, मग घर.”

गुरुशांतप्पा सायकल धरून उभा राहिला. ओसरी गेली, घर आंघोळीपर्यंत गेलं, आणि पिशवीतली पुडी ऊन लागून खराब होत होती. डोळा ताजा असेल तरच भिंग स्वच्छ दिसतं, एवढं त्यानं वाचलं होतं. गावात दुसरी जागा कुठली, याचा त्यानं मनातल्या मनात फेरा मारला. देवळाचा कट्टा नाही, मठाचं अंगण नाही, चावडी तर नाहीच. मग त्यानं सायकल वस्तीकडं वळवली. पोरं मागं निघाली. वस्तीच्या तोंडाशी चिंच होती. तिथं कल्लप्पा थांबला, आणखी दोघं थांबली. दानम्मा थोडी रेंगाळली आणि मग परकर सावरत पुढं आली. तिला बघून बाकीचेही आले. कल्लप्पा चिंचेखाली एकटा उरला तेव्हा त्याला ते बरं वाटेना, आणि तोही आला.

वस्तीच्या मधोमध बुद्धविहाराचा कट्टा होता. ज्ञानोबानंच तो बांधलेला, जांभ्या दगडाचा, कडा अगदी सरळ. गुरुशांतप्पा घामानं निथळत ज्ञानोबाच्या दारात उभा राहिला.

“डोळे आणले, अण्णा. पण जागा न्हाई. तुमचा कट्टा द्याल का?”

ज्ञानोबानं त्याच्या पिशवीकडं पाहिलं, मागं उभ्या पोरांकडं पाहिलं. “आधी पाणी घ्या,” तो म्हणाला आणि आतून त्यानं तांब्या आणून दिला. गुरुशांतप्पानं तो वर धरून गटागटा रिकामा केला. तहान इतकी लागली होती की आपण कुठलं पाणी प्यालो हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तांब्या परत गेलेला होता. त्याच्या मनात आलं की हे फार पूर्वीच व्हायला हवं होतं.

कट्ट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरलं. वस्तीतली पोरं, बाया, दोन-चार म्हातारे असे सगळे गोळा झाले. यशोधरा सगळ्यांत पुढं येऊन बसली. गुरुशांतप्पानं बाह्या सरसावल्या, लिंगाची डबी सदऱ्याच्या आत घातली आणि दाढीचं नवं पातं कागदातून काढलं. त्यानं डोळा हातात घेतला. जन्मात त्यानं अंडंसुद्धा फोडलेलं नव्हतं. डोळा गार होता, निसरडा होता, आणि वाटला होता त्यापेक्षा कितीतरी चिवट. पातं वरच्या वर घसरलं. त्यानं जोर लावला, डोळा बोटांतून सटकला, त्यानं तो अंगठ्याखाली दाबून धरला आणि पातं आरपार घातलं. पाण्याची चिळकांडी त्याच्या तोंडावर उडाली. कागदावर काळपट चिखल पसरला आणि त्यातच भिंगाचे दोन तुकडे झाले. कुणाला काही दिसलं नाही. गुरुशांतप्पा बाजूला जाऊन ओकला.

तोंड धुऊन तो परत आला. दुसरा डोळा पानावर होता. तोही गेला तर पुढच्या बाजारापर्यंत काही नाही, आणि पुढच्या बाजारापर्यंत हा वर्ग टिकेल का, हे रामरावांनी जवळजवळ सांगितलेलंच होतं. त्यानं पातं पुसलं. 

“गुरुजी, मला द्या,” यशोधरा म्हणाली.

“नको.”

“तुमचा हात हालायलाय.”

“हालू दे. तू नको.”

“कामून?”

गुरुशांतप्पानं ज्ञानोबाकडं चोरून पाहिलं. या कट्ट्यावर, या माणसासमोर, त्याच्या पोरीच्या हातात सुरीसारखं काही द्यायचं, ही कल्पनाच त्याला सोसवेना. परवाची चूक पुरे झाली होती. आता तो फार जपून होता.

“तू बस. मी करतो.”

“दानम्मानं मागितलं असतं तर दिलं असतं की,” यशोधरा म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं. “ती गौडाची हाय म्हणून. मी वस्तीतली म्हणून मला नको. परवा माझ्या बापाला बोलावलाव तेबी त्याच्यापायीच, आन् आज मला देईना झालाव तेबी त्याच्यापायीच.”

 गुरुशांतप्पानं पातं कागदावर ठेवलं. आपण जपतोय ते कुणाला, हे त्याला इतकं लख्ख कुणी कधी दाखवलं नव्हतं, आणि दाखवणारी पोरगी तेरा वर्षांची होती.

“द्या तिला, गुरुजी,” ज्ञानोबा मागून म्हणाला.

“अण्णा, पण तुमच्या वडिलांनी...”

“माझ्या बापानं मला सांगितलं न्हाई, कारण मला ते काम करायचं नव्हतं. येत असतं तर लोकांनी मला ते जबरीनं करायला लावलं असतं.” तो पुढं आला आणि पोरीच्या मागं उभा राहिला. “ही मागायली. तिला बघायचंय. सांगून करायला लावणं येगळं आन् मागून घेणं येगळं. द्या.”

गुरुशांतप्पानं पात्याची बोथट बाजू तिच्याकडं करून ते तिच्या हातात दिलं.

तिनं घाई केली नाही. डोळा कागदावर ठेवला, दोन बोटांनी हलकेच धरला आणि पांढऱ्या बाजूनं पातं फिरवायला लागली. तिलाही येत नव्हतं. दोनदा पातं घसरलं, एकदा बोटाला लागता लागता राहिलं. पण तिला फेकून द्यायची किंवा संपवायची घाई नव्हती, आणि कातडं हळूहळू सुटलं. आधी पाणी आलं. मग काचेसारखा चिकट गोळा. मग त्या गोळ्यातून, भिजलेल्या मोठ्या साबुदाण्यासारखं, स्वच्छ, गोल काहीतरी कागदावर येऊन थांबलं. तिनं ते पात्याच्या टोकानं पुढं सरकवलं. ते वर्तमानपत्राच्या अक्षरांवरून गेलं, आणि खालचं अक्षर फुगून मोठं झालं.

“दिसलं,” यशोधरा म्हणाली.

मग सगळे तुटून पडले. कल्लप्पानं वास येतोय म्हणून नाक धरलं आणि नाक धरूनच तीनदा पाहिलं. म्हाताऱ्यांनी पाहिलं, बायांनी पाहिलं. दानम्मा आतल्या कातड्यावरची निळसर चमक दाखवायला लागली. शेवटी ज्ञानोबा गुडघ्यावर बसून वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. मग उठून त्यानं लेकीच्या हातावर पाणी घातलं आणि गुरुजींचे हातही पुढं झाले तेव्हा त्यांच्यावरही घातलं.

घरी मल्लम्मानं त्या दिवशी मुलाचं ताट पडवीत वाढलं.  ओले केस पुसत तो जेवला. भाकरी नेहमीसारखीच लागली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी यशोधरा ओसरीवर उभी होती. वर्ग यापुढं कट्ट्यावर भरणार होता, पण भिंत काही उचलून नेता येत नव्हती. रामराव आपल्या खोलीच्या दारातून बघत होते. त्यांनी तिला अडवलं नाही. कदाचित काय लिहिते ते बघायचं असेल. तिनं खडू घेतला आणि पाच दिवसांपूर्वी स्वतःच पुसलेलं वाक्य तिनं पुन्हा लिहिलं: डोळ्यात भिंग असतं. मग जरा विचार करून त्याच्या खाली आणखी एक ओळ घातली: पहिला डोळा गुरुजींच्या हातून वाया गेला.

गुरुशांतप्पानं दोन्ही ओळी वाचल्या. खालची ओळ पुसायला सांगावी असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण तेही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं, म्हणून त्यानं ती राहू दिली.